आधी सांगा, मग पुसा: इंदूरच्या फोटोग्राफर मंडळींना खुलं पत्र

मित्रहो,
सप्रेम नमस्कार.

राजवाड्याच्या आसपासचे जुने स्टुडिओवाले, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगरातले बारसं-मुंज-लग्नवाले, शाळांच्या ओळखपत्रांचं काम घेणारे आणि हल्ली ड्रोन उडवत येणारी आमच्या पोरांच्या वयाची मुलं, या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. आपल्या ग्रुपवर टाकलं असतं तर सुप्रभातच्या फुलांखाली अर्ध्या तासात गाडलं गेलं असतं, म्हणून असं उघड्यावर लिहितोय.

विषय डोळ्यांचा आहे. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचा.

माणसाचा डोळा एवढा मोठा करून दिवसभर दुसरं कोण बघतं, सांगा. आई बघते, पण मायेनं बघते. डॉक्टर बघतात, पण माणूस तिथवर गेला तर. आपण स्क्रीनवर दोनशे टक्के झूम करून बघतो, आणि बघून काय करतो, तर पुसतो. लाल दिसलं, काळं कर. पिवळं दिसलं, पांढरं कर. एक पापणी खाली आहे, उचल जरा. मी बेचाळीस वर्षं हेच केलं. त्यातली एक पुसापुशी आधी सांगतो.

२०१० चा मे. सुदामानगरात एका मुलीचा पहिला वाढदिवस. गच्चीवर मंडप, वर लाल-पिवळं कापड. फ्लॅश बाउन्स करावा, म्हणजे वर मारून उजेड खाली घ्यावा, तर कापडाचा रंग सगळ्यांच्या चेहऱ्यावर उतरतो, म्हणून सरळच मारत होतो. केक आला, मेणबत्तीसाठी कुणीतरी दिवे घालवले, गाणं सुरू झालं आणि त्या अंधारात मी पटापट फ्रेम घेतल्या. रात्री कॉम्प्युटरवर बघितलं तर मुलीचा उजवा डोळा लाल आणि डावा पांढरा. अगदी दुधासारखाही नाही. रात्री गाडीच्या उजेडात मांजर आडवं गेलं की त्याचा डोळा कसा पिवळट चमकतो, तसा. उजव्यावर रेड-आय टूल फिरवलं, झटक्यात काळा झाला. डाव्यावर टूल चालेना. ते बिचारं लाल रंग शोधतं, आणि तिथे लाल नव्हताच. मला पक्कं आठवतंय, मी टूलवर वैतागलो. मग उजव्या डोळ्यातली बाहुली कॉपी केली आणि डाव्यात बसवली. असे अकरा फोटो. अल्बम बघून मुलीची आजी म्हणाली, "डोळे काय सुरेख आलेत हो!"

पुढच्या जानेवारीत मुलीचे वडील दुकानात आले. मूळ फोटो आहेत का, विचारायला. हे कधीपासून असावं ते कळावं म्हणून डॉक्टरांनी जुने फोटो मागितले होते. मी डीव्हीडी शोधून काढली. मूळ फाइली मी कधी टाकत नाही, तेवढं एक पुण्य गाठीशी. स्टुलावर बसून त्यांनी एकेक फोटो बघितला. सगळे बघून झाल्यावर एवढंच म्हणाले, "अल्बममध्ये तर असं नव्हतं."

मुलीला रेटिनोब्लास्टोमा होता. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, लहान मुलांना होणारा कर्करोग. डावा डोळा काढावा लागला. उजवा वाचला, मुलगी वाचली. आठ महिने आधी गेले असते तर डावाही वाचला असता का, हे मला कुणी सांगितलेलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

त्यानंतर मी वाचायला लागलो, ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसायला लागलो. जे कळलं ते आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो.

लाल डोळ्याचं गणित आपल्याला अर्धंच शिकवलेलं असतं. अंधारात बाहुली मोठी होते, फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, उजेड सरळ आत जातो आणि पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या दाट थरावरून लाल होऊन आल्या वाटेनं लेन्समध्ये परततो. इथवर आपल्याला ठाऊक असतं. उरलेलं अर्धं असं, की तो लाल रंग म्हणजे पावती आहे. बाहुलीपासून पडद्यापर्यंतची वाट मोकळी आहे, याची पावती. वाटेत काही पांढरं उभं असलं, मग ती गाठ असो, जन्मजात मोतीबिंदू असो की सुटून पुढे आलेला पडदा, की उजेड तिथूनच पांढरा किंवा पिवळट होऊन मागे फिरतो. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत ऑफ्थॅल्मोस्कोपनं, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या दिव्यानं, तान्ह्या बाळाच्या डोळ्यात हीच लाली शोधतात. आपण तेच काम वाढदिवसाच्या हॉलमध्ये फुकटात करतो, आणि निकाल आला की खोडून टाकतो.

हा आजार दुर्मीळ आहे, सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली. वेळेवर सापडला तर मूल जवळजवळ नेहमी वाचतं, पुष्कळदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर गाठ डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे जाऊ शकते. बाळाला दुखत नसतं, ते तक्रार करत नाही, दुसऱ्या डोळ्यानं सगळं दिसत असतं म्हणून ठेचाळतही नाही. मग कळणार कसं? बऱ्याच घरांत पहिली खूण फोटोतच दिसलेली असते.

टेक्सासच्या बेलर विद्यापीठात ब्रायन शॉ नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या मुलाला हाच आजार निघाला. मग या गृहस्थांनी घरातले सगळे जुने फोटो उपसले, तर मूल बारा दिवसांचं असतानाच्या फोटोतही तो पांढरा डोळा होता. पुढे त्यांनी मोबाइलमधले फोटो तपासणारं एक अ‍ॅप तयार करवलं आणि २०१९ मध्ये त्याचा अभ्यास छापला. चाळीस मुलांचे मिळून सुमारे ५३ हजार घरगुती फोटो. डोळ्याचा आजार असलेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांच्या बाबतीत अ‍ॅपला ती खूण निदानाच्या आधीच्या फोटोंत सापडली, आणि ते फोटो निदानाच्या सरासरी सव्वा वर्ष आधीचे होते. सव्वा वर्ष! तेवढा काळ ते फोटो घरोघरी कपाटांत आणि फोनमध्ये पडून होते.

आता घाबरवणं पुरे, कारण पांढरा दिसला की कर्करोगच, असं मुळीच नाही. मूल कॅमेऱ्याकडे न बघता सुमारे पंधरा अंश नाकाच्या बाजूला बघत असेल, तर फ्लॅशचा उजेड नेमका डोळ्याची नस आत शिरते त्या फिक्या जागेवर पडतो आणि निरोगी डोळाही पांढरट चमकतो. म्हणून एका फोटोवरून काही ठरवायचं नाही. खोलीतला उजेड कमी करा, दहा-बारा फुटांवर उभे राहा, रेड-आय रिडक्शन बंद करा (ती आधीची लुकलुक बाहुली बारीक करते आणि पुरावा घालवते), मुलाला सरळ लेन्सकडे बघायला लावा आणि चार-पाच फोटो घ्या. सरळ बघतानाही तोच डोळा पुन्हा पांढरा आला, तर पुढचं काम डॉक्टरांचं. नाही आला, तरी पहिल्या फोटोची शंका मनात राहिली तर पालकांच्या कानावर घालून ठेवा. फ्लॅशनं बाळाचे डोळे जातात म्हणून आज्या ओरडतात, त्यांना ओरडू द्या. साध्या फ्लॅशनं तसं काही होत नाही.

एक पाहिलंत का, हे सगळं कॅमेऱ्यावरच्या सरळ फ्लॅशलाच दिसतं. स्टुडिओत उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स किंवा अंब्रेला बाजूला असते, उजेड तिरका जातो आणि तिरकाच निघून जातो. बाउन्स केला तरी तेच. म्हणजे जो फोटोग्राफर जितका चांगला, त्याला ही खूण तितकी कमी दिसणार! मावशीच्या मोबाइलमध्ये मात्र दिसू शकते, अर्थात मोबाइलनं ती आधीच आपल्या अकलेनं काळी करून टाकली नसेल तर. वडिलांच्या काळी फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब हातात धरलेला असे आणि फिल्म ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे लाल डोळा ही भानगडच नव्हती. पण डोळ्यात नको तिथे पांढरा ठिपका आला, तर ते निगेटिव्हवरचा तेवढा काळा भाग चाकूच्या टोकानं हलकेच खरवडायचे. त्यांचा हात फार सफाईचा होता. असे किती ठिपके खरवडले असतील, कोण जाणे.

स्टुडिओवाल्यांनी एवढ्यावर सुटलो म्हणू नये. आपल्याकडे कॅचलाइट आहे.

डोळ्यात तो चमकणारा ठिपका आला नाही तर फोटो मेलेला वाटतो, हे आपल्याला पहिल्या महिन्यात शिकवतात. बर्लिनच्या हिर्शबर्ग नावाच्या डॉक्टरांनी १८८० च्या दशकात त्याच ठिपक्यावरून तिरळेपणा मोजायची रीत बसवली. मेणबत्ती समोर धरायची आणि दोन्ही डोळ्यांत तिचं प्रतिबिंब कुठे पडतं ते बघायचं. एका मिलिमीटरनं सरकलं तर डोळा साधारण सात अंश वळलेला. डॉक्टर आजही टॉर्चनं हेच करतात. आपल्या फोटोत ठिपका दोन्ही बाहुल्यांत सारख्या जागी पाहिजे. दोन्हीत थोडासा नाकाकडे असला तरी चालतं, तसा तो असतोच. पण एकीत मधोमध आणि दुसरीत कडेला गेला असेल, तर तो डोळा दुसरीकडे बघतोय. दोन लाइट लावले असतील तर मुख्य लाइटचा ठिपका धरा, नाहीतर गोंधळ होतो.

याचा उलटाही उपयोग आहे. पुष्कळ तान्ही बाळं तिरळी वाटतात, कारण नाकाचा दांडा बसका असतो आणि डोळ्याचा आतला कोपरा कातडीनं झाकलेला असतो. ठिपके जुळले तर बहुधा काही नाही, आईचा जीव भांड्यात पडतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात, तेही चालायचंच. त्यानंतरही जात असतील तर नाही. आपल्याकडे तिरळं मूल भाग्याचं समजून हौसेनं वाढवतात, शाळेत चकणा म्हणून चिडवतात, आणि मग लग्न जमवताना आपल्याला सांगतात, "जरा नीट करून द्या." तोवर उशीर झालेला असतो. वळलेल्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू ऐकेनासा होतो, डोळा आळशी पडतो. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशाला कामाला लावता येतं, पण त्याला लहान वय लागतं. सात वर्षांच्या आत सगळ्यात चांगलं. आणि त्या गाठीच्या आजाराची पांढऱ्या बाहुलीखालोखाल दिसणारी खूण म्हणजे तिरळेपणाच. म्हणून लहान मुलात नवा तिरळेपणा दिसला तर "मोठं झालं की जाईल" हे वाक्य आपल्या तोंडून तरी निघू नये.

कॅचलाइट अजून एक सांगतो. निरोगी बुबुळ आरशासारखं असतं, ठिपक्याची कड रेखीव येते. कड फाटलेली, विस्कटलेली आली तर बुबुळाचा पृष्ठभाग बिघडलाय. सोयाबीन, गहू काढताना डोळ्यात कुसळ जातं, दोन दिवसांनी डोळा लाल होतो, काळ्या भागावर पांढरा ठिपका उठतो. माळव्यात हे मी दर हंगामात बघतो; आधार कार्डाच्या कामासाठी फोटोला आलेला माणूस रुमालानं डोळा पुसत बसलेला असतो. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा, आणि मेडिकलमधून कुणीतरी दिलेले थेंब घालतोयस का, हेही विचारा. बुरशीची जखम असेल आणि थेंबांत स्टेरॉइड असेल, तर बरं वाटता वाटता डोळा जातो. डोळ्यात फूल पडलं म्हणतात ते पुष्कळदा अशाच जखमेचा वण असतं.

आता मान. "बाळ, मान सरळ" हे वाक्य आपण दिवसात किती वेळा म्हणतो? एक मुलगा होता. पहिली ते पाचवी, शाळेच्या ओळखपत्रासाठी दर जूनमध्ये यायचा. दर वेळी मान उजव्या खांद्याकडे कललेली. मी हनुवटीला बोट लावून सरळ करायचो, शटर दाबेपर्यंत पुन्हा कललेली. खोडकर आहे, एवढंच वाटलं. मग डॉक्टरांकडे बसायला लागल्यावर कळलं, की डोळ्याला फिरवणारा एक स्नायू जन्मतः दुबळा असला तर दोन डोळ्यांची चित्रं जुळवायला मूल मान कलती धरतं. मान सरळ केली की त्याला एकाचे दोन दिसतात. आणि मी सरळ करत होतो! पाच वर्षांचे पाच फोटो शेजारी ठेवून आईला दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, झोपेत सरळ असते याची मान, जागेपणीच कलते." डॉक्टरांना हेच वाक्य फार कामाचं वाटलं.

सगळ्यात फसवी गोष्ट मात्र आपल्या भाषेतच लपलेली आहे. बाळाचं कौतुक आपण कसं करतो? टपोरे डोळे. पाणीदार डोळे. जन्मजात काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो, तान्ह्या बाळाचं बुबुळ मऊ असतं, ते ताणून मोठं होतं. डोळे टपोरे दिसतात. सतत पाणी येतं, पाणीदार दिसतात. काळ्या भागावर निळसर धुरकट झाक येते, तिलाही कुणी 'निळे डोळे' म्हणतं. नवजात बाळाचं बुबुळ साधारण दहा मिलिमीटरचं असतं. पहिल्या वर्षात ते बाराच्या पुढे गेलं तर डॉक्टरांना शंका येते. आपण काही पट्टी लावून मोजणार नाही. पण आपल्याला एक गोष्ट दिसते जी घरी पटकन लक्षात येत नाही: हे बाळ दिव्यासमोर डोळे उघडत नाही. मॉडेलिंग लाइट लावला की मिटून घेतं, आईच्या खांद्यात तोंड खुपसतं, दिवा मालवला की पुन्हा बाहेर येतं. भुकेलेलं बाळ असं करत नाही, ते नुसतं रडतं. टपोरे डोळे, पाणी आणि उजेडाचा त्रास, तिन्ही एकत्र दिसले तर फोटो राहू दे, आईला आधी सांगा. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसत असेल तर आणखीच लवकर. आई म्हणेल, अश्रूंची नळी बंद आहे, पाणी येतंच, मालीश सांगितलंय. असेलही तसं, नळीचं दुखणं खूप बाळांना असतं. पण त्यात डोळे मोठे होत नाहीत आणि उजेडही खुपत नाही.

मोठ्या माणसांचं थोडक्यात सांगतो. त्यांना स्वतःचा आरसा आहे, बोलता येतं.

डोळ्यातलं पांढरं पिवळं दिसलं की आपण व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या रंगजुळणीवर, ढकलतो. कॉलर बघा. कॉलर पांढरी आहे आणि डोळा पिवळा, तर तो दोष लाइटचा नाही, त्या माणसाची कावीळ तपासायला हवी. वरची पापणी साधारणपणे बुबुळाचा वरचा कडेचा भाग झाकते. बुबुळाच्या वर पांढरी रेघ दिसायला लागली, बाई सतत दचकल्यासारख्या दिसायला लागल्या, तर थायरॉइडची शंका. आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे दहा वर्षांचे हळदीकुंकवाचे, मंगळागौरीचे फोटो आपल्याकडे ओळीनं असतात, आणि डोळ्यांचे डॉक्टर खरंच जुने फोटो मागतात, पापणी कधीपासून उतरली, डोळा कधीपासून पुढे आला, हे ठरवायला. पापणीवर नाकाच्या बाजूला पिवळट चट्टे असले किंवा चाळिशीच्या आतल्या माणसाच्या बुबुळाभोवती करडं वर्तुळ दिसलं, तर कोलेस्टेरॉल तपासायला सांगा. आजोबांच्या डोळ्यात तेच वर्तुळ असेल तर राहू द्या, वयाचं आहे. पापणी एका दिवसात खाली आली आणि डोकं दुखतंय, एकाचे दोन दिसतायत, तर फोटो नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात.

आणि नवरदेव लग्नाच्या सकाळी डोळ्यात रक्ताचा लालभडक डाग घेऊन उभा राहिला, सासरचे गलितगात्र, तर तुम्ही हसा. दिसायला भयंकर, पण दुखत नसेल, नजर साफ असेल आणि मार लागलेला नसेल तर बहुतेक वेळा निरुपद्रवी. आठ-पंधरा दिवसांत विरतो, सावकाशीनं ब्लडप्रेशर बघून घ्यावं. तो डाग मी आनंदानं पुसतो, लग्नाचा अल्बम आहे शेवटी.

शाळा-अंगणवाड्यांचं काम करणाऱ्यांना मात्र एक वेगळी विनंती. मुलाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कानाकडच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा छोटा तिकोनी डाग दिसला तर तो चिकटलेला काही कचरा नाही. जीवनसत्त्व अ कमी पडल्याची ती खूण आहे, बिटो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६३ मध्ये तिचं वर्णन केलं. मास्तरांना विचारा, हे पोर संध्याकाळी चाचपडतं का. सरकारी योजनेत नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा डोस मिळतो, त्याला तो चुकलेला असू शकतो.

हे सगळं वाचून उद्यापासून कुणी डॉक्टरकी सुरू करू नका. डोळ्याचे दोन मोठे चोर आपल्या कॅमेऱ्यात दिसतच नाहीत: मोठ्यांचा नेहमीचा काचबिंदू आणि मधुमेहानं पडद्यावर होणारी खराबी. त्यातले डोळे फोटोत अगदी झकास येतात. "फोटोत तर ठीक दिसतंय" असं आपण म्हटलं आणि कुणी तपासणी टाळली, तर ते पाप पुसण्यापेक्षा मोठं.

मग नेमकं काय करायचं? माझी रीत सांगतो, पटली तर घ्या. कार्यक्रमात, चार नातेवाइकांसमोर बोलायचं नाही. आजाराचं नाव घ्यायचं नाही, आपण त्याला लायकही नाही. दुसऱ्या दिवशी आईला किंवा वडिलांना फोन करायचा आणि म्हणायचं, "ताई, दोन-तीन फोटोंत बाळाच्या डाव्या डोळ्यात चमक वेगळी आलीय. लाइटचंही असेल. पण मूळ फोटो पाठवतो, डोळ्यांच्या डॉक्टरांना या आठवड्यात दाखवून घ्या, बाहुली मोठी करून तपासायला सांगा." बस. मूळ फाइल पाठवायची, रिटच केलेली नव्हे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तो दाबून लहान करतो. ग्रुपवर तर मुळीच नको. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर पडद्याची तपासणी झाली होती का, तेही विचारायचं; ती जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हायला हवी असते. पैशाची अडचण दिसली तर सरकारी दवाखाना सुचवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जन्मजात मोतीबिंदूसारखे डोळ्यांचे आजार त्यात धरलेले आहेत, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पुढचे उपचार मोफत होतात.

लोक चिडतात का? चिडतात. एका आजोबांनी मला "आमच्या नातवाला नजर लावू नका" म्हणून फोनवर झापलं आणि मुंजीची ऑर्डर दुसऱ्याला दिली. गेल्या पंधरा वर्षांत मी एकोणीस जणांना असं सांगितलं. तेरा जणांचं काही निघालं नाही. दोघांना चष्मा लागला, तिघांच्या डोळ्याला पट्टी बांधली, आणि एका सहा महिन्यांच्या बाळाचा मोतीबिंदू काढला. ते बाळ आता दुकानात येऊन स्टुलावर गोल गोल फिरतं आणि बॅकड्रॉप फाडतं.

लाला दीनदयाळ याच इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला असताना १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याच्या नादी लागले, हे आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. तेव्हा माणसाला फोटोसाठी कितीतरी वेळ न हलता बसवावं लागे आणि फोटोवाला त्याच्याकडे बघत राही. आपण आता सेकंदाला दहा फ्रेम घेतो आणि बघायचं काम सॉफ्टवेअरला देतो. नवीन मुलांनो, तुमच्याकडची सॉफ्टवेअरं एका क्लिकमध्ये हजार फोटोंतले डोळे पांढरे, मोठे आणि सारखे करतात. तो क्लिक करण्याआधी मुलांचे क्लोजअप एकदा तसेच चाळा. पाच मिनिटं लागतात.

पुसूच नका, असं मी कुठे म्हणतोय? ती सुदामानगरची मुलगी गेल्या वर्षी दहावीच्या फॉर्मचा फोटो काढायला आली होती. डावा डोळा बसवलेला, फार छान जमलाय, पण तो उजव्याइतका वळत नाही, त्यामुळे कॅचलाइट थोडा बाजूला पडतो. फोटो स्क्रीनवर आला तसा तिनं मान पुढे करून बघितला आणि म्हणाली, "काका, तो ठिपका जरा मधे घ्या ना." घेतला. मूळ फाइलही ठेवली.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली असतं, मी आत असतो. कुणाला एखाद्या फोटोची शंका असेल तर घेऊन या, मिळून बघू, आणि जिथे पाठवायचा तिथे पाठवू.

आपला,
राजवाड्यामागचा एक जुना फोटोवाला